गजूभाऊंशी बोलणारा मी नव्हतो

वाचकांच्या गूढ अनुभवांचं हे सदर मी आजवर हसायला म्हणून वाचत आलोय, खरं सांगतो. चिंचेवरची बाई, मागून येणारी पावलं... वाचून बायकोला म्हणायचो, "लोकांना काही कामधंदा नाही का!" मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. वायर कुठेतरी तुटलेली असते आणि शोधली की सापडते, एवढाच माझा धर्म. आजही फारसा बदललेलो नाही. फक्त ही एक वायर सापडत नाहीये.

मी अकोल्याचा, जठारपेठेतला. काही वर्षांपूर्वी अंटार्क्टिकाच्या एका मोहिमेत हवामानाची यंत्रं बसवायला माझी निवड झाली. आमची छोटी तुकडी एका काळ्या डोंगराच्या पायथ्याशी तंबू ठोकून होती. लीडर उत्तराखंडचा गिर्यारोहक, कमी बोलणारा. आणि बर्फात भोकं पाडायच्या ड्रिलवर गजूभाऊ, वलगावचे. पृथ्वीच्या टोकावर वऱ्हाडी बोलणारा माणूस भेटल्यावर काय विचारता! दिवसभर आमचं तोंड बंद नसायचं. लीडर वैतागायचा.

तंबूपासून यंत्रांपर्यंत बांबूला लाल झेंड्या लावून वाट आखलेली. बर्फाखाली भेगा असतात, वरून दिसत नाहीत. म्हणून झेंड्या सोडायच्या नाहीत आणि एकट्यानं जायचं नाही. त्या दिवशी ड्रिलचा पाना तिकडेच राहिला म्हणून गजूभाऊ एकटेच निघाले, वॉकीटॉकीही तंबूत टाकून. "असा गेलो न् असा आलो," म्हणाले. येताना त्यांनी झेंड्या सोडल्या आणि सरळ तंबूकडे चालू लागले. वलगावात वावरातून मधूनच जायची सवय... समोर घर दिसत असताना रस्त्यानं वळसा कोण घालतो?

तेवढ्यात वारा सुटला आणि सगळं पांढरं झालं. आभाळ, जमीन, स्वतःचा हातसुद्धा दिसेना. साफ होईपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही, असं लीडर म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. मी दोन्ही वॉकीटॉकी मांडीवर घेऊन बसून राहिलो. भीती वाटायला हवी होती, रडू यायला हवं होतं... काहीच आलं नाही. आतून नुसता सुन्न. देवाचं नावही घेतलं नाही. तोंडातून एक शब्द काढला नाही — लीडर समोरच बसलेला होता, त्यानं पाहिलंय. तिथल्या उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, त्यामुळे किती वेळ गेला तेही कळलं नाही.

वारा पडल्यावर शोधायला निघालो. अर्ध्या वाटेत, झेंड्यांपासून बाजूला, बर्फाला भोक पडलेलं दिसलं. लीडर दोरावरून खाली उतरला. भेगेत बर्फाच्या एका अरुंद कट्ट्यावर गजूभाऊ बसले होते. जिवंत!

वर ओढून घेतलं तेव्हा ते माझ्याकडे बघून पुटपुटले, "चूप बैस आता, बाबू. किती बोलशील बे."

बरळतायत असं वाटलं. त्यांना हाक मारायला मी तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. घसा पार बसलेला, जत्रेत दिवसभर ओरडल्यावर बसतो तसा. लीडर माझ्याकडे बघतच राहिला. "तू तो चुप बैठा था," एवढंच म्हणाला.

पुढे दवाखान्यात गजूभाऊंनी सगळं सांगितलं. "भेगीच्या काठावून तू बोलून राहिला होता ना! झोपू नका गजूभाऊ, रोडगे कसे करता ते सांगा, म्हने. मी सांगो, तू पुन्हा पुसे. गोवऱ्या कशा रचाच्या, निखारा कवा झाला समजाचा... तुह्यापायी जागा राह्यलो, नाही तं गेलो असतो."

मी नुसती मान हलवली. नंतर डॉक्टरांना एकटं गाठून खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, थंडीत मेंदू असे खेळ करतो. आणि माझा घसा? कोरडी हवा. त्या कोरड्या हवेत आम्ही सगळेच होतो... बसला माझाच.

गजूभाऊंच्या पायाची दोन बोटं गेली, जीव वाचला. परतल्यावर त्यांच्या आईनं वलगावला वावरात माझ्यासाठी रोडग्यांचं, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचं, जेवण ठेवलं. येईल त्याला त्या सांगत होत्या, "ह्या पोरानं माह्या गजूले जागं ठेवलं." मला ते सहन होईना.

"मावशी, तो मी नव्हतो," शेवटी बोललो. "मी तंबूत बसून होतो. एक शब्द बोललो नाही."

गजूभाऊंचा हातातला घास हातातच राहिला. "मंग माह्याशी कोन बोलून राहिलं होतं बे?"

मावशी उठल्या. आणखी एक ताट घेतलं, त्यात रोडगा कुस्करला, तूप ओतलं, वांग्याची भाजी वाढली आणि ते माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

"हे तुहं," म्हणाल्या, "अन् हे त्याचं. जो कोनी असंन, उपाशी जायाले नको."

मी जेवलो. चव कळली नाही. शेजारच्या ताटाकडे बघायची हिंमत झाली नाही.

यावर तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर जरूर कळवा. गजूभाऊंचा फोन अजून येतो. मी "हॅलो" म्हटलं की ते आधी हळूच विचारतात, "तूच व्हय ना?"

मी हो म्हणतो.