किसनबांचा गळा आणि माझा वस्तरा

पेशंट ऑपरेशनच्या टेबलावरून तसाच परत आला. हर्नियाचा होता. पाठोपाठ निरोप आला, ब्रदरला बोलवा.

पुरुष नर्सला हॉस्पिटलात ब्रदर म्हणतात. मी गेलो. सर्जनसाहेबांनी अजून ग्लोव्हजही काढले नव्हते.

"ही प्रेप तू केलीस?"

"होय सर."

"पाच ठिकाणी कापलंय. मांजरानं ओरबाडल्यासारखं. मी चाकू कुठं लावू?"

प्रेप म्हणजे ऑपरेशनच्या जागेवरचे केस काढून कातडी स्वच्छ करणं. त्यात कापलं की तिथं पू धरण्याची भीती. म्हणून साहेब असे पेशंट परत पाठवत.

खरं तर हे काम माझं नव्हतंच. आमच्या हैदराबादच्या हॉस्पिटलला न्हावी होता, औरंगाबादकडचा. हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेव्हा नोकरदारांकडून एकेक करून ऑप्शन लिहून घेणं सुरू झालं. इकडं राहणार की तिकडं जाणार? त्यानं तिकडचं लिहिलं आणि गेला. त्याची जागा कुणी भरायची, याची फाईल फिरत राहिली. आमच्या सिस्टर तेलुगू, पण वॉर्डात दखनी बोलायच्या. त्यांनी वस्तरा माझ्या हातात ठेवला. "ब्रदर, तुम करो. कित्ता मुश्किल है?"

माझं नाव सटवा, वय तेवीस. स्वतःची दाढी सेफ्टी रेझरनं करायचो. वस्तरा आयुष्यात धरला नव्हता.

त्या दिवशी वॉर्डात मान खाली घालून फिरत होतो. खिडकीजवळच्या खाटेवरून हाक आली.

"लेकरा, इकडं ये. तो वस्तरा दाखव."

हे किसनबा. वय साठीचं. मूळचे नांदेडकडचे न्हावी, काचीगुड्याला स्टेशनजवळ दुकान. गळ्यावर पेरूएवढी गाठ होती, थायरॉईडची. त्या गाठीनं नाडी पळत राहते, अंग वाळतं, हात थरथरतात. किसनबांचे इतके थरथरायचे की चहा बशीत सांडायचा. चार महिने त्यांनी गिऱ्हाइकाला हात लावला नव्हता. दुकान जावई बघत होता. ऑपरेशनआधी दहा-बारा दिवस दुधातून आयोडीनचे थेंब द्यावे लागत, म्हणून ते आधीच येऊन राहिले होते.

त्यांनी वस्तऱ्याची धार अंगठ्यावर आडवी तपासली. "ह्यानं गवत काप. माणूस नको." मग विचारलं, "माझ्या गळ्याची हजामतबी तूच करणार का?"

"होय."

"मग शिकावंच लागंल तुला. मला टेबलावरून परत यायचं नाही. हे हात असे घेऊन घरी काय करू?"

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोनं धोकटी आणली. न्हाव्याच्या हत्यारांच्या पिशवीला धोकटी म्हणतात. सिस्टरनी सगळं उलटंपालटं करून पाहिलं, वस्तरा स्पिरिटमध्ये बुडवून ठेवायचा हुकूम केला आणि परवानगी दिली.

पहिले दोन दिवस त्यांनी मला नुसता पट्टा दिला. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवायचा, जाड पाठ पुढं आणि धार मागं. उलटा फिरवला की पट्टा कापला जातो. मी दोनदा कापला. नंतर इनॅमलचा मग पालथा घातला, त्याला साबणाचा फेस लावला आणि तो काढायला लावला. "आवाज ऐकू आला तर जोर जास्त झाला." त्यानंतर माझी स्वतःची पोटरी. तिथं रक्त निघालं, तेव्हा म्हणाले, "वस्तरा आडवा सरकवलास. आडवा सरकला की कापतोच. डाव्या हातानं कातडी ताण. खरं काम डाव्या हाताचं."

पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुझं गाव कुठलं रे सटवा?"

मी गावाचं नाव सांगितलं. त्यांच्या गावापासून दोन कोस.

"कुणाच्या घरचा?"

"आता बौद्ध," मी म्हणालो. "आधी महार."

ते भिंतीकडं तोंड करून पडले. मी वस्तरा पुसला, धोकटी बांधली आणि त्यांच्या खाटेखाली ठेवली. ती पुन्हा उघडायची नाही, असं मनाशी ठरवलं होतं. दिवसभर दुसऱ्या पेशंटांची कामं केली, पण लक्ष लागत नव्हतं.

सकाळी थेंब द्यायला गेलो, तर ते उठून बसले होते.

"गावात असताना तुमच्या वस्तीवरचा एक जण आलता," ते म्हणाले. "लग्न होतं त्याचं. दाढी करून द्या म्हणाला. मी हाकललं त्याला. लोकांनी माझं काम बंद केलं असतं, हे खरं. पण मी हसलोबी होतो, सटवा. हसायचं काही काम नव्हतं."

माझ्या मनात रागही होता, आणि समोर दुधाचा पेला धरून थरथरणारे ते हातही होते. मी पेला त्यांच्या तोंडाला लावला. पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "आता पोटरी पुरे. माझ्या गालावर कर."

मी फेस केला. उजवा गाल, मग डावा. एक थेंब रक्त आलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी गळ्याची पाळी आली. थायरॉईडची गाठ आवंढा गिळला की वर सरकते. माणूस घाबरला की आवंढे गिळतोच. मी वस्तरा टेकवला आणि गाठ हलली. लगेच उचलला.

"काका, मी दोन हात मारतो. मग थांबतो. मग तुम्ही गिळा."

"तू सांगशील तसं."

दोन हात, थांबायचं, "गिळा". पुन्हा दोन हात. एका गळ्याला अर्धा तास लागला. सिस्टर दोनदा डोकावून गेल्या.

सर्जनसाहेबांनी गाठीवरून बोट फिरवलं. "हं. घ्या."

थायरॉईडच्या ऑपरेशनमध्ये आवाजाची नस सांभाळावी लागते. म्हणून शुद्धीवर आल्याबरोबर पेशंटला बोलायला लावतात. सिस्टरनी विचारलं, "बाबा, नाम क्या?"

किसनबांनी डोळे किलकिले केले. आवाज घोगरा होता, पण होता. "सटवाला इचारा, वस्तरा पुसून ठेवला का."

मी आत जाऊन तोंड धुऊन आलो.

दोन महिन्यांनी त्यांच्या दुकानात गेलो. दोन गिऱ्हाइकं बाकावर बसलेली, नांदेडकडचीच, बोलण्यावरून कळत होतं. किसनबा थोडे भरले होते. गळ्यावर बारीक आडवा व्रण. मला पाहताच त्यांनी खुर्ची झटकली.

"बस."

"ह्यांचा नंबर आहे काका."

"कोण हो हे?" बाकावरच्या एकानं विचारलं.

"आमच्या शेजारच्या गावचा. मी शिकवलेला," किसनबा म्हणाले आणि माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं.

न्हाव्याच्या हातून दाढी करून घ्यायची ती माझी पहिलीच वेळ. इथं शहरात कुणी अडवत नव्हतं, मीच कधी कुठल्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो. त्यांचा डावा हात गालावर टेकला. हात गरम होता आणि जराही हलत नव्हता. मी डोळे मिटून घेतले.

पुढं माझी पाळी आली तेव्हा मीही ऑप्शन लिहून दिला, हैदराबादचा. तीस वर्षं नोकरी केली. त्यात आणखी दोन पेशंट माझ्या प्रेपमुळं टेबलावरून परत आले. दोन्ही वेळा धार चांगली होती. घाई माझी होती.