मुळेजींनी एकदाच विचारलं

मुळेजी गेल्याचं त्यांच्या मुलानं, प्रशांतनं, सकाळी फोनवर सांगितलं तेव्हा मी कॉलेजात पुढच्या महिन्याचं वेळापत्रक लावत बसले होते. दोन महिने ते अंथरुणाला खिळले होते, तरी दर बुधवारसमोर मी त्यांचं नाव लिहीतच होते. ते खोडलं आणि मग खुर्चीतून उठावंसंच वाटेना... आज महिना होऊन गेला, अंगातला शीण काही उतरत नाही.

डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांना पेशंटशी बोलायचं कसं, हेही शिकवावं लागतं. आमच्याकडे ते काम माझं. खऱ्या आजाऱ्यावर असला सराव करणं बरं नव्हे, म्हणून एखादा धडधाकट माणूस आजाऱ्याचं सोंग घेऊन समोर बसतो आणि मुलं त्याला वाईट बातमी सांगून बघतात. मुळेजी बारा वर्षं आमचे असे पेशंट होते. राहायचे मल्हारगंजात. वीज खात्यातून निवृत्त झालेले, आणि गणेशोत्सवातल्या नाटकांत जन्मभर बापाच्याच भूमिका केलेले. "घरी रोज विचारतात, आज काय झालंय तुम्हाला? मी म्हणतो, आज लिव्हर," असं सांगून स्वतःच हसायचे. सोंग संपलं, की आपल्याला काय वाटलं ते समोरच्या मुलाला तोंडावर सांगायचे, त्यात भीडमुर्वत नाही. एका हुशार मुलाला, इकडच्या पद्धतीनं 'भैया'चं 'भिया' करत, म्हणाले होते, "भिया, बोललास एकदम सही. पण कॅन्सर म्हणालास आणि घड्याळ बघितलंस. मला वाटलं, चला, आपला नंबर आला." तो मुलगा आता चांगला डॉक्टर झालाय, आणि भेटला की अजून तेच सांगतो.

मागच्या उन्हाळ्यात पोटदुखीचा पेशंट करताना ते मध्येच वाकले, कपाळावर घाम आला. नंतर मी कौतुक केलं, आज फार खरं वाटलं म्हणून. ते कसनुसं हसले. खरंच दुखत होतं... पुढे तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कर्करोग, तोही पसरलेला. हातात थोडेच महिने होते. मुळेजींना मात्र पोटात गाठ आहे एवढंच ठाऊक होतं. प्रशांत माझ्याकडे आला. "मॅडम, आमच्याच्यानं नाही होणार. तुम्ही सांगा ना बाबांना. तुमचं तर कामच आहे ते." मी हो म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरी गेले. उशीला टेकून बसले होते. मी मनात शब्द जुळवत होते, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "मॅडम, गौतमपुऱ्याला माझी मोठी बहीण आहे. गुडघ्यांमुळे तिला इकडे येणं जमत नाही. तिला एकदा भेटून यायचंय. आत्ताच जाऊन येऊ, की ठीक झाल्यावर जाऊ? तुम्ही सीधं सांगा." याहून सोपी वाट कुठला पेशंट करून देणार? आणि मी म्हटलं, "घाई काय आहे, मुळेजी? आधी अंगात ताकद येऊ द्या, मग आरामात जा." त्यांनी पाय पांघरुणात ओढून घेतले. मग म्हणाले, "हां, ते पण बरोबर आहे... नवीन बॅच कशी आहे?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते माझ्यासारख्यांसाठीच. तेव्हा त्यांना गाडीत बसवून नेता आलं असतं, दीड तासाचा तर रस्ता. तीन आठवड्यांनी त्यांना बसवेनासंही झालं. त्यानंतर मी चारदा गेले. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही, आणि प्रत्येक वेळी मी सुटल्यासारखी घरी आले. प्रशांत विचारायचा तेव्हा सांगायची, हळूहळू सांगतेय. बहीण-भावाची भेट झालीच नाही. याची मला लाज वाटते, आणि ती जाईल असं काही दिसत नाही.

गेल्या बुधवारी पेशंट व्हायला कुणी मिळेना, म्हणून मीच त्यांच्या खुर्चीत बसले. समोर महूची एक मराठी मुलगी होती. तिनं रिपोर्ट उघडला. ठरल्याप्रमाणे मी विचारलं, "मी बरी होईन ना?" ती गडबडली. "आंटी, तुम्ही टेन्शन नका घेऊ. आधी जरा वीकनेस जाऊ दे, मग बघू ना," म्हणाली आणि कागदांच्या कडा सरळ करत राहिली. पुढचे दोन प्रश्न मीच लिहून ठेवले होते. ते मला विचारवेनात. बिचारीला किती जड जातंय ते दिसत होतं, आणखी कशाला छळायचं... म्हणून मी विचारलं, होस्टेलचं जेवण कसं असतं गं?

विचारलं आणि माझा मलाच आवाज ऐकू आला. नवीन बॅचचं विचारलं तेव्हाच मुळेजींना सगळं समजलं होतं. मरायला टेकलेल्या माणसानं मला सांभाळून घेतलं होतं, आणि मी सुटले म्हणून खूश होते.

मुलगी वही उघडून वाट बघत होती. मॅडमना काय वाटलं, ते तिला ऐकायचं होतं.

"तू टाळलंस ते मला कळलं," मी म्हटलं. "तुला त्रास होऊ नये म्हणून मी पुढे विचारलं नाही."

तिनं ते लिहून घेतलं.