बर्लच्या रिव्हॉल्व्हरच्या बदल्यात

नेड्रा टॅकेटनं आपल्या मेलेल्या नवऱ्याचं रिव्हॉल्व्हर बंदुकांच्या दुकानात दिलं आणि त्याच्या बदल्यात तळहाताएवढं पिस्तूल घेतलं, ही बातमी सोमवारी दुपारपर्यंत आमच्या अख्ख्या खोऱ्यात झाली. केंटकीच्या या डोंगरांत घराघरात बंदूक असते, त्यामुळे तिनं पिस्तूल घेतलं याचं कुणाला काही वाटलं नाही. बर्लचं रिव्हॉल्व्हर दिलं, याचं वाटलं. बर्ल म्हणजे बत्तीस वर्षं कोळशाच्या खाणीत राबलेला, कुणीही गेलं तरी शवपेटीला खांदा द्यायला पुढे असणारा हसरा माणूस. त्याला जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती.

नेड्रा सदुसष्ट वर्षांची. शाळेच्या स्वयंपाकघरात मी आणि ती एकोणीस वर्षं शेजारी शेजारी उभ्या राहिलो. रस्ता संपतो तिथं तिचं घर. फोन केला तर शेरीफची, म्हणजे पोलिसांची, गाडी यायला चाळीस मिनिटं लागतात, म्हणून जवळ काहीतरी हवं हे तिनं ठरवलेलं. दुकानदारानं आधी गुलाबी मुठीचं पिस्तूल पुढे केलं. "बायका हेच नेतात," तो म्हणाला.

"मग ते बायकांना दे," नेड्रा म्हणाली. "मला ते काळं दाखव."

दर गुरुवारी नेमाचा सराव करायचं तिनं ठरवलं, पहिल्या गुरुवारी तिच्याबरोबर मीही गेले. घरामागे मातीचा उंच बांध आहे. त्याला टेकून फळी उभी केली, फळीवर कागदी ताटली ठोकली. पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढला की पहिली गोळी आत चढते, पण तो भाग तिला ओढवेचना. उजव्या अंगठ्याचा सांधा कायम सुजलेला. चार वेळा हात निसटला. कसाबसा ओढला, चाप दाबला, तर त्या एवढ्याशा वस्तूनं असा झटका दिला की ती एक पाऊल मागे आली. मूठ इतकी आखूड की करंगळीला जागाच नाही. तिसऱ्या गोळीला रिकामी पुंगळी आतच अडकली. ताटली कोरी ती कोरीच.

"चुकलं का गं तुझं?" मी विचारलं.

"अजून माहीत नाही." अंगठ्याखालचं सोललेलं कातडं ती बघत होती. "आठ गुरुवार वापरून बघते, मग सांगते. माझ्याआधी कुणी सांगायचं नाही."

पण लोक थांबतात थोडेच? बर्लचा धाकटा भाऊ एस्टिल तर चर्चच्या दारात, सगळ्यांसमोर म्हणाला, "काय नेड्रा, ट्रक देऊन तीनचाकी सायकल घेतलीस म्हणे!"

"तुला हवी का फेरी?" ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

तिनं आपली युक्ती आपणच शोधली. वरचा भाग ओढायचाच नाही. तो डाव्या हातानं घट्ट धरायचा आणि उजव्या हातानं मूठ पुढे ढकलायची. पिठाचं मोठं पिंप आम्ही शाळेत असंच सरकवायचो, अंगाचा भार टाकून. मनगट ढिलं पडलं की पुंगळी अडकते, हेही तिला कळलं. पाचव्या गुरुवारी ताटलीला दोन भोकं पडली. सहाव्याला एकच.

सातव्या आठवड्यातल्या रविवारी चर्चनंतर तिच्याकडे जेवण होतं. लेक्सिंग्टनहून तिचा मुलगा गार्लंड आला होता, एस्टिल होता, मी होते. एस्टिलची बायको ओपल डोकं दुखतं म्हणून घरीच राहिली होती. मक्याचा पाव टेबलावर आलेला, नेड्रा चुलीवरून बीन्सचं भांडं उचलत होती. तेवढ्यात एस्टिलनं कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि टेबलावर उलगडलं. बर्लचं रिव्हॉल्व्हर. दुकानात जाऊन ते त्यानं परत विकत घेतलं होतं.

"चूक सगळ्यांकडून होते," तो मायेनंच म्हणाला. "हे ठेव, ते खेळणं देऊन टाक. विषय संपला."

नेड्रा भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"उचल ते."

"अगं, बर्लची आठवण आहे ही."

"कसली आठवण आहे ते मला विचार. चौतीस वर्षं ते इथंच असायचं, संध्याकाळच्या जेवणाला. खाणीत खाडा झाला की. बीन्स करपले की. मी कुणाशी जास्त बोलले की. त्याच्या ताटाशेजारी, आणि नळी माझ्याकडे."

एस्टिल म्हणाला, "त्यानं कधी काही केलं असतं का..."

"नाही केलं. नुसतं ठेवायचा. मग मीठ मागायचा." तिनं मुलाकडे पाहिलं. "गार्लंड, तू कुठं बसायचास?"

गार्लंड पंचेचाळीस वर्षांचा बाप्या. ताटातून मान वर न करता तो म्हणाला, "तुझ्या डावीकडे, मॉम. उजवीकडे, नळीच्या बाजूला, तू बसूच द्यायची नाहीस."

एकोणीस वर्षं मी तिच्याशेजारी बटाटे सोलले आणि मला हे ठाऊक नव्हतं. रिव्हॉल्व्हर देऊन टाकलं तेव्हा मनात मीही तिला नावं ठेवली होती.

एस्टिलनं ते उचललं, कापडात गुंडाळलं आणि बाहेर गाडीत ठेवून आला. कान लाल झाले होते. पण हट्टी टॅकेटच तो. दारातूनच म्हणाला, "ते सगळं खरं असेल. तरी ते पिस्तूल तू चुकीचंच घेतलंस."

"चल मग," नेड्रा म्हणाली. भांडं खाली ठेवून तिनं ॲप्रन सोडला.

आम्ही सगळे बांधापाशी गेलो. गार्लंडनं नवी ताटली ठोकली. सात पावलांवर नेड्रा उभी राहिली, डाव्या हातानं धरून उजव्यानं ढकललं, आणि सुरुवात केली. चौथ्या गोळीला पुंगळी अडकली. एस्टिलनं "हं" केलं. त्याचं हं पुरं व्हायच्या आत तिनं ती झटकून पाडली आणि पुन्हा नेम धरला. दहा गोळ्या संपल्यावर पिस्तूल रिकामं केलं, आत डोकावून खात्री केली, मग ताटली काढून त्याच्या हातात दिली. सात भोकं होती.

"तीन चुकल्या," एस्टिल म्हणाला.

"सात लागल्या."

"अडकतं ते."

"अडकतं. मूठ बोटभर आखूड आहे, झटका वाईट आहे आणि आज माझा अंगठा ठणकणार आहे. अजून काही राहिलं असेल तर मीच सांगते, तू शोधत बसू नकोस. माझ्या हातानं निवडलंय, माझ्या हातात बसतं आणि या घरात ते कधी जेवायला बसणार नाही. चांगलं घेतलं मी. आठवा गुरुवार कशाला हवा?"

एस्टिल न जेवताच गेला. गार्लंडनं बीन्स पुन्हा गरम केले, तीन वाडगे खाल्ले आणि परतायचं होतं तरी मुक्काम केला.

बुधवारी ओपलचा फोन आला. हे मला नेड्रानंच सांगितलं.

"ते पिस्तूल वजनाला कितीसं आहे गं?" ओपलनं विचारलं.

"दोन-तीन कांद्यांएवढं."

मग ओपल म्हणाली, "एस्टिलला विचारायला हवं का?"

"कशाला? हात त्याचा आहे का?"

गुरुवारी ओपल आली, चर्चला घालायचे बूट घालून. चिखलात उभी राहून तिनं चार गोळ्या झाडल्या, हात झटकत पिस्तूल परत दिलं आणि म्हणाली, "मला नाही बाई आवडलं हे."

"मग दुसरं बघू," नेड्रा म्हणाली आणि फळीवर नवी ताटली ठोकायला गेली.