झाकणावरचं नाव

जावा बेटावरच्या क्लातेनजवळच्या आमच्या गल्लीत लग्नाचं आमंत्रण जेवणाच्या डब्यातून येतं, आणि डब्याच्या झाकणावरचं नाव पाक सार्वोकोंच्याच, म्हणजे सार्वोकोकाकांच्याच, हातचं हवं. शाळेतले निवृत्त कारकून, पण टाक उचलण्याची ऐट अशी, की जणू सुलतानाचं फर्मान लिहितायत. एकेका अक्षराची शेपटी मोराच्या पिसाऱ्यासारखी.

गेल्या वर्षी त्यांचा हात थरथरू लागला. लेकीनं गुपचूप लॅपटॉपवर एक वळणदार फॉन्ट घालून दिला, हुबेहूब वडलांच्या वळणाचा. तेव्हापासून पाक खिडकीत दौत उघडून बसत, आणि नावांच्या चिठ्ठ्या आतल्या खोलीत छापून निघत. लोक म्हणत, "वय वाढलं तसा हात आणखी बसला हो!" पाक नुसते हसत.

बू लास्मीच्या, म्हणजे लास्मीकाकूच्या, मुलीचं लग्न निघालं. पाकनी जुनी यादी काढली, बटण दाबलं. हातानं लिहिताना एका नावापाशी टाक आपोआप अडला असता. यंत्र कुठलं अडतंय! डबा गेला बू कासिनेमच्या दारी, झाकणावर तिच्या नवऱ्याचं, विर्योचं नाव. विर्योला जाऊन चार महिने झालेले.

लग्नघरी कांदे सोलता सोलता बू तुमिनी म्हणाली, "पाक, आता मेलेल्यांनाही जेवायला बोलावता? मग भांडी घासायलाही तेच येणार का?" तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. बायका खिदळल्या. पाकच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"लिहिताना चुकलं," ते पुटपुटले. खोट्यावर आणखी एक खोटं. मग तिथं बसवेना. ते उठून थेट बू कासिनेमकडे गेले.

डबा तसाच टेबलावर होता.

"कबरीच्या फळीवर नाव तुम्हीच लिहिलंत," ती म्हणाली. "अक्षर कसं वेडंवाकडं आलं होतं! मी पोरांना सांगितलं, पाक रडत रडत लिहीत होते. आणि हे बघा. एक शेपटी हललेली नाही. चार महिन्यांत विसरलात होय मित्राला?"

सांगावं तर अब्रू जाते, न सांगावं तर मैत्री.

"हे माझं अक्षर नाही, बू. कॉम्प्युटरचं आहे. वर्षभर सगळं त्याचंच. फळीवरचं तेवढं माझं."

"म्हणजे तेव्हा हात रडण्यानं नव्हता थरथरत?"

पाकनी मान खाली घातली. "रडत होतो. पण हात... तो आधीपासूनच थरथरतो."

 तिनं झाकणावरची चिठ्ठी सोलून काढली आणि पेन पुढे केलं. "माझं नाव लिहा. नाहीतर मी लग्नाला यायची नाही."

मागोमाग आलेली बू तुमिनी कुंपणापलीकडे टाचा उंचावून उभी होती. पाकना ती दिसली. तरी त्यांनी अक्षर झाकायला हात आडवा धरला नाही. सुरवंट सरपटत गेल्यासारखी अक्षरं उमटली.

बू कासिनेमनं झाकण उजेडात धरलं. "हां. फळीवरचाच हात."

तिनं डबा उघडला, दोन ताटल्या काढल्या. भात केव्हाच गार झाला होता. पाकनी ताटली जवळ ओढली.