आकाशी इम्पालाची फिर्याद

पोलीस खात्यातल्या नोकरीत माझ्या टेबलासमोर किती फिर्यादी बसून गेले, त्याचा हिशेब नाही. बहुतेकांचे चेहरे आता पुसले गेले आहेत. एक फिर्याद मात्र निवृत्तीनंतरही मनातून जात नाही, कारण ती घेऊन आलेले गृहस्थ मला शाळेत गणित शिकवायचे.

मी तेव्हा सुरतच्या पूर्व भागातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपली होती आणि आरोपींना कोर्टात न्यायची गडबड चालू होती. ठाणे अंमलदार आत येऊन म्हणाला, "साहेब, एक मराठी काका आव्या छे. गाडी चोराई गई छे."

मागोमाग सर आत आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. वय झालं होतं, पण ताठपणा तोच. मी उठून पायांना हात लावला. त्यांनी पाय मागे घेतले.

"इथे नको," एवढंच म्हणाले.

कोणती गाडी, हे विचारायची गरजच नव्हती. सरांची आकाशी इम्पाला आमच्या भागात कोणाला माहीत नव्हती? सर पूर्वी एका गिरणीमालकाच्या मुलांना घरी शिकवायला जात. ते कुटुंब परदेशी निघालं, तेव्हा शेठ म्हणाले, "मास्तर, ही गाडी भंगारवाल्याला देववत नाही. तुम्ही सांभाळाल." आणि मराठी शाळेतला एक शिक्षक अमेरिकन मोटारीचा मालक झाला. गल्लीत ती वळायची नाही. तीन फेऱ्यांत मागे-पुढे करून सर ती आणायचे आणि आम्ही पोरं दोन्ही बाजूंना उभी राहून हात दाखवायचो. मूळचं इंजिन पेट्रोल पिऊन पिऊन सरांना परवडेना, म्हणून नंतर त्यात जीपचं डिझेल इंजिन बसवलं. आवाज ट्रकसारखा झाला, पण डौल गेला नाही. दहावीच्या परीक्षेला आमचं केंद्र लांब होतं. सरांनी अर्धा वर्ग त्या गाडीत कोंबून नेला होता. पुढची सीट सलग, बाकासारखी, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. मी त्या बाकावर दाटीने मधोमध बसून प्रमेयं पाठ करत गेलो होतो.

त्या गाडीचं स्टिअरिंग डाव्या हाताला होतं. आपल्याकडे रस्त्याच्या डाव्या बाजूने जायचं आणि चालवणाराही डावीकडेच बसलेला. पुढे ट्रक असला की त्याला समोरचं काही दिसत नाही. ओलांडून जायचं तर उजवीकडच्या माणसाने डोकावून सांगायला लागतं. ते काम सरांच्या पत्नी करायच्या. आम्ही त्यांना बाई म्हणायचो, त्यांनीही आम्हाला चौथीपर्यंत शिकवलं होतं. बाई काचेतून मान बाहेर काढून बघायच्या आणि म्हणायच्या, "जा" किंवा "थांबा". सर त्यांच्या शब्दावर पाय दाबायचे. माझ्या माहितीत सरांनी बाईंशिवाय गाडी कधी बाहेर काढली नाही.

सरांची फिर्याद साधी होती. काल संध्याकाळी गाडी घरामागच्या शेडमध्ये होती, आज सकाळी नाही. मी स्वतः जबाब लिहून घेतला. लिहिताना एक गोष्ट खटकली. सर माझ्याकडे एकदाही बघत नव्हते. वर्गात नजरेने गप्प करणारा माणूस माझ्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघून बोलत होता. मी मनाशी म्हटलं, गाडी गेल्याचं दुःख आहे.

पंचनाम्याला गेलो. बाई घरी नव्हत्या, भजनाला गेल्यात असं सरांनी सांगितलं. शेडच्या दाराला काही झालेलं नव्हतं. शेजाऱ्यांना विचारलं तर कोणी काही ऐकलेलं नव्हतं. ते इंजिन सुरू झालं की आख्ख्या सोसायटीच्या खिडक्या थरथरायच्या. शिवाय चोर ती गाडी घेऊन जाणार कुठे? विकायला काढली तर पहिलं गिऱ्हाईकच सरांना फोन करेल.

शेडमध्ये जमिनीवर पत्र्याचा एक ट्रे होता. गाडीखाली तेल गळायचं, त्यासाठी सरांनी ठेवलेला. मी खाली बसून त्यात बोट फिरवलं. तेलावर धुळीची साय धरली होती. काल संध्याकाळपर्यंत वर गाडी उभी असती आणि तेल ठिबकत असतं, तर ती साय धरली नसती. मी बोट रुमालाला पुसलं आणि सरांना काही बोललो नाही. ठाण्यात परतल्यावर वरिष्ठांना फोन करून सांगितलं, की फिर्यादी माझे शिक्षक आहेत, तपास दुसऱ्याकडे द्यावा. ते म्हणाले, "चोरीचाच तर मामला आहे. गाडी शोध आधी, मग बघू."

बातमी दोन-चार दिवसांतच आली. कडोदऱ्याच्या बाजूला हायवेवर चहाची टपरी चालवणारा एक जण आमच्या डी-स्टाफला, म्हणजे शोधपथकाला, खबरा द्यायचा. त्याचा निरोप आला, "साहेब, बंद कारखान्यात बहु मोटी गाडी छे. ताडपत्री ढांकेली छे." आम्ही पंच घेऊन पोहोचलो. कापडाला रंग देण्याचं एक जुनं युनिट बंद पडलं होतं, त्याच्या शेडमध्ये ती उभी होती. ताडपत्री ओढली. समोरचा उजवा दिवा फुटलेला, त्या बाजूचा पत्रा आत गेलेला, आणि चेपलेल्या पत्र्याच्या घडीत काळ्या रंगाचे ओरखडे आणि जाड सुती कापडाची एक चिंधी अडकलेली.

माझ्याबरोबरच्या जमादाराने चिंधीकडे बघितलं, मग माझ्याकडे. शेजारच्या ठाण्याचा बिनतारी संदेश आम्हा दोघांनाही आठवला होता. सरांच्या फिर्यादीच्या काही दिवस आधी कडोदरा-कामरेज रस्त्यावर एका यंत्रमाग कामगाराच्या सायकलला धडक देऊन अज्ञात वाहन पळालं होतं. कामगाराचा पाय मांडीपासून मोडला होता, तो सरकारी दवाखान्यात होता. शुद्धीवर आल्यावर त्याने एवढंच सांगितलं होतं, "निळी गाडी. खूप मोठी."

ते शेड एका गॅरेजवाल्याच्या मेहुण्याचं निघालं. हा गॅरेजवाला उधन्याचा, वर्षानुवर्षं सरांची गाडी दुरुस्त करणारा, आणि माझ्यासारखाच सरांचा विद्यार्थी. मी त्याला बोलावून घेतलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. त्याने पाणी घेतलं नाही.

"गाडी तिथे कशी गेली?"

"मी नेली, साहेब. चोरली. लिहून घ्या."

"कशासाठी?"

"विकायला."

"कोणाला विकणार होतास?"

त्याने पाण्याचा पेला बाजूला सरकवला. मी अपघाताचा विषय काढला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, पण तो परत तेच म्हणाला, "मीच चालवत होतो. तेही लिहा."

खोटा कबुलीजबाब ओळखायला फार हुशारी लागत नाही. खरा आरोपी गुन्हा कबूल करताना स्वतःची बाजू सांगतो, कारणं देतो. निदान चुकून झालं तरी म्हणतो. या माणसाला काहीच कारण नव्हतं. मी विचारलं, "उजवीकडे कोण बसलं होतं?" त्याने मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली. "सरांना या वयात आत टाकणार का तुम्ही?" एवढंच हळू म्हणाला.

गाडी ओळखण्यासाठी फिर्यादीला बोलावणं भाग होतं. मी सरांच्या घरी फोन केला. बाईंनी उचलला.

"बाई, मी बोलतोय. सरांना सांगा, गाडी सापडली."

"सापडली म्हणजे? हरवली कुठे होती? ती गॅरेजमध्ये आहे की."

मी म्हटलं, सरांना ठाण्यात यायला सांगा. दुपारी सर आले. मागे त्यांच्या दंडाला धरून बाईही आल्या. सर त्यांना बाहेरच्या बाकावर बसवायला बघत होते, पण त्या म्हणाल्या, "आपल्याच वर्गातला मुलगा आहे, मला आत बसू द्या."

मला बाईंसमोर विचारायचं नव्हतं. पण आता न विचारणंही शक्य नव्हतं. मी गाडीचे फोटो टेबलावर ठेवले आणि म्हटलं, "सर, गाडीचा पुढचा उजवा भाग चेपलाय. कामरेजच्या रस्त्यावर एका सायकलवाल्याला अपघात झालाय. तो वाचलाय, पण पाय..."

"सायकलवाला?" बाई म्हणाल्या. "अहो, तुम्ही तर म्हैस म्हणाला होता."

बाहेर वायरलेसवर कोणीतरी गाडीचा नंबर पुन्हा पुन्हा सांगत होतं. सरांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.

"अहो, मी विचारते आहे. म्हैस होती ना?"

"नव्हती," सर म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कामरेजला नात्यातल्या साखरपुड्याला जाऊन दोघं परत येत होते. पुढे उसाने भरलेला ट्रॅक्टर. सर कितीतरी वेळ त्याच्या मागे रेंगाळले. बाईंनी मान बाहेर काढली आणि "जा" म्हणाल्या. सरांनी गाडी बाहेर काढली, आणि सायकल एकदम समोर आली. आवाज झाला. बाईंनी विचारलं, काय होतं? सर म्हणाले, म्हैस. आणि गाडी न थांबवता ते निघून गेले.

"का थांबला नाहीत, सर?" मी विचारलं. मला वाटतं, त्या क्षणी माझा आवाज निरीक्षकाचा नव्हता.

"थांबलो असतो तर हिला कळलं असतं की हिच्या 'जा'वर मी गेलो आणि माणूस मेला. मला तर वाटलं, तो मेलाच." सर थांबले. "पुढे जाऊन वळायचं ठरवलं होतं. वळलो नाही. घरी आलो, गाडी गॅरेजला दिली. मग पेपरात बातमी आली, निळी मोठी गाडी, तेव्हा गॅरेजवाल्याने ती लपवली. मग फिर्याद द्यायची बुद्धी सुचली. चोरीला गेली म्हटलं, की गाडी कुठे आहे हा प्रश्नच संपला."

"आणि गॅरेजवाला? त्याने गुन्हा स्वतःवर घेतलाय."

सरांनी डोळे मिटले. हे त्यांना माहीत नव्हतं. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी फोटो गोळा करत बसलो.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "माझा जबाब लिही. मला दिसतच नव्हतं."

सरांनी झटकन मान वळवली.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. समोर सगळं दुधासारखं दिसतं. यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर यांनी त्याच दिवशी गाडी बंद केली असती. गाडी बंद झाल्यावर यांना दुसरं काय आहे? रस्ता ओळखीचा होता. मी आवाजावरून सांगत होते. ट्रॅक्टरच्या आवाजात सायकल कुठली ऐकू येणार?"

"ती खोटं बोलतेय," सर म्हणाले. "ती थांबा म्हणाली होती. मीच ऐकलं नाही. लिही तसं."

"मी जा म्हणाले."

"थांबा म्हणालीस."

दोघं माझ्यासमोर भांडत होते, मोठ्याने नाही, घरात भांडतात तसं हळू. मी दोघांचे जबाब जसेच्या तसे घेतले. एकात "जा" आहे, दुसऱ्यात "थांबा". कायद्याच्या दृष्टीने त्याने काही फरक पडत नव्हता, गाडी चालवणारा जबाबदार. सह्या घेताना बाईंना कागदावरची जागा दिसेना. सरांनी त्यांचं बोट धरून तिथे नेलं.

कागदपत्रं अपघाताची नोंद असलेल्या ठाण्याकडे गेली. खोट्या फिर्यादीचा अहवाल मीच पाठवला. गॅरेजवाल्याला समज देऊन सोडलं. कोर्टात सरांनी वकिलाचं न ऐकता गुन्हा कबूल केला. वय आणि प्रकृती बघून न्यायाधीशांनी न्यायालय उठेपर्यंतची कैद आणि जखमीला भरपाई, अशी शिक्षा दिली. शिपायाने बसायला बाक दाखवला. सर बसले नाहीत. संध्याकाळपर्यंत भिंतीशी उभे होते, आणि येणारे-जाणारे जुने विद्यार्थी, त्यात दोन वकीलही होते, सरांना बघून न बघितल्यासारखं करत होते. मीही दारापर्यंत जाऊन परत आलो. गाडी सरांनी सोडवून घेतली नाही.

बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी मला निरोप पाठवला, आम्हाला त्या माणसाकडे घेऊन चल. तो लिंबायतच्या एका खोलीत राहायचा. मूळचा धुळ्याकडचा. पायात सळई बसवलेली, काठी घेऊन चालायला लागला होता, पण मागावर उभं राहण्याचं काम सुटलं होतं. घरी बसून तो साड्यांचे धागे कापायचा. सरांनी दारातच हात जोडले.

त्याच्या बायकोने आम्हाला बसायला चटई टाकली, आणि मग न राहवून अहिराणीत विचारलं, "तुम्ही काबर थांबनात नही, मास्तर?"

"भ्यालो," सर म्हणाले. "आणि नंतर तोंड दाखवायची लाज वाटली. रोज वाटायचं, आज जाऊ. रोज लाज वाढत गेली."

बाई त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, "त्या दिवशी बघायला हवं होतं मी तुम्हाला."

तो ओशाळल्यासारखा झाला. आमच्यापेक्षा तोच जास्त संकोचला होता. काठी चाचपत म्हणाला, "बाई, मी तर पाहत होतो तुम्हाला. तशी गाडी मी जन्मात पाहिली नव्हती. आकाशासारखी निळी, पुढे सगळी चांदी. पाहतच राहिलो. बाजूला व्हायचं भानच नाही राहिलं. माझीपण चूक आहे त्यात."

सर चटईवर बसले होते ते पुढे वाकले आणि त्यांचं कपाळ जवळजवळ जमिनीला लागलं. मी त्यांना उठवायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

खात्यात आम्हाला शिकवलं जायचं, की माणूस शिक्षेच्या भीतीने खोटं बोलतो. शिक्षेला सर घाबरले नव्हते, हे मी कोर्टात पाहिलं. बायकोला वाईट वाटू नये म्हणून ते एक शब्द खोटं बोलले, "म्हैस", आणि तो सांभाळता सांभाळता एका मोडलेल्या माणसाला रस्त्यावर सोडून आले, पोलिसात खोटं बोलले, एका निर्दोष विद्यार्थ्याला लॉकअपच्या दारापर्यंत आणलं. वाईट माणसांचे गुन्हे मी पुष्कळ शोधले, ते विसरलोही. चांगल्या माणसाचा हा एकच गुन्हा शोधला. त्या खोलीतून बाहेर पडल्यावर गल्लीच्या तोंडापर्यंत आम्ही तिघं चालत गेलो, आणि कोणी कोणाकडे मान वर करून बघितलं नाही.