आनशेलची तिसरी माफी

दर शुक्रवारी सकाळी मेआ शआरीम या ज्यू वस्तीच्या अंगणात गितेल कुगेल विकायची. बारीक शेवयांचं, करपवलेल्या साखरेचं आणि मिरीने घसा पेटवणारं. सगळ्या घरी ते जायचं, फक्त आनशेलच्या घरी नाही. त्याची बायको रांगेत पुढे आली की गितेल भांड्यावर झाकण टाकून म्हणायची, "संपलं." मागे भरल्या पराती उघड दिसत असायच्या.

हे वैर एका पुस्तकाचं होतं. गितेलचे सासरे दिवसभर घरांच्या भिंती चुन्याने रंगवायचे आणि संध्याकाळी शास्त्र घेऊन बसायचे. धर्मनिर्णयांचा एक जुना, दोन खंडांचा, आम्स्टरडॅमला छापलेला ग्रंथ त्यांच्याकडे होता. त्याच्या समासात त्यांनी जन्मभर टिपणं लिहिली. पहिल्या खंडात शंका काढायच्या आणि दुसऱ्यात स्वतःच उत्तरं द्यायची, असा म्हाताऱ्याचा खाक्या. ते गेले आणि ग्रंथ मुलाकडे, गितेलच्या नवऱ्याकडे, नोसनकडे आला.

आनशेल जुन्या पुस्तकांचा शौकीन. पुस्तक हाती आलं की आधी हुंगायचा, मग पान उजेडात धरून कागदातली खूण बघायचा, शिवण चाचपायचा. वाचायचं तेवढं राहून जायचं. शहराला वेढा पडला त्या वर्षी माणसं रानातला पाला उकडून खात होती. तेव्हा हा गृहस्थ माशांचे डबे घेऊन नोसनच्या दारात हजर झाला. नोसनने डब्यांकडे बघितलं, घरातल्या उपाशी पोरींकडे बघितलं आणि म्हणाला, "वडिलांचं अक्षर आहे, रेब आनशेल. ते विकून आणलेले मासे पोटात राहायचे नाहीत." पोरी त्या दिवशीही पाला खाऊन झोपल्या. गितेल तेव्हा नवऱ्यावर चिडली होती, पण त्याची मान ताठ राहिली याचा तिला अभिमानही वाटला होता.

पुढे नोसनच्या छातीने दगा दिला. तो अंथरुणाला खिळलेला असताना आनशेल पुन्हा आला. पहिला खंड फक्त एका शब्बाथपुरता, शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसापुरता हवा, एक शंका वाचायची आहे, म्हणाला. शिकायला पुस्तक मागणाऱ्याला नाही म्हणणं ही त्या अंगणात लाजेची गोष्ट. नोसनने दिलं. तो शब्बाथ उजाडायच्या आत नोसन गेला.

सुतकाचे सात दिवस गितेल जमिनीवर बसली. शेवटच्या दिवशी आनशेल भेटायला आला तेव्हा तिने खंड परत मागितला. घर माणसांनी भरलेलं होतं. आनशेलने सुस्कारा सोडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "त्याने मला विकला तो. शेवटी हात तंग होता बिचाऱ्याचा."

साक्षीदार नव्हता, त्यामुळे न्याय मागायची सोय नव्हती. मासेवाला लाइबिश गिऱ्हाइकांना सांगू लागला की नोसनने बापाचं अक्षर विकलं. उपाशी राहून ज्याने ते जपलं, त्याच्या नावावर हे चिकटलं. गितेलला पुस्तकाचं दुःख नव्हतं. नवऱ्याचं नाव धुऊन निघेपर्यंत मरायचं नाही, एवढंच तिने ठरवलं.

आनशेलला आता दुसरा खंड हवा होता. उत्तरांवाचून शंका म्हणजे अर्धाच ऐवज. त्याने माणसं पाठवली. गितेलने सगळ्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी तो खंड नेऊन गल्लीतल्या अभ्यासघराला देऊन टाकला. अट एकच, खंड विकायचा नाही आणि दाराबाहेर न्यायचा नाही. शमेशने, म्हणजे तिथल्या देखरेख्याने, तसा शिक्का पहिल्याच पानावर दाबून मारला.

त्या शिक्क्याने आनशेलला आठवडाभर जेवण गेलं नाही. मग तो रोज अभ्यासघरात येऊन बसू लागला. पोरं त्या खंडावर कोपरं टेकायची, शेजारी चहाचे पेले ठेवायची, थुंकी लावून पानं उलटायची. आनशेल त्यांच्यामागे रुमाल घेऊन फिरायचा आणि पोरं त्याला हसायची. वर बायकांच्या सज्ज्यात, जाळीमागे, गितेल बसलेली असायची. तिने तिथे प्रार्थना किती केली देव जाणे, आनशेलचा चेहरा मात्र मनसोक्त पाहिला.

अशी बरीच वर्षं गेली. मग आनशेलच्या हृदयाने एकदा झटका दिला आणि त्याला देवाची भीती वाटू लागली. योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या उपासाने देवाविरुद्ध केलेले अपराध फिटतात, माणसाविरुद्धचे नाही. ते त्या माणसाकडूनच माफ करून घ्यावे लागतात. तो गितेलच्या दारात आला आणि सगळे म्हणतात तेच म्हणाला, कळत नकळत दुखावलं असेल तर माफ कर. गितेल मिरी कुटत होती. काय केलंत ते सांगा, म्हणाली. तो तसाच परतला. दुसऱ्यांदाही तेच झालं.

तिसऱ्या वेळी तो तयारीने आला. तीन वेळा मागूनही माफी मिळाली नाही तर मागणारा सुटतो आणि पाप नाकारणाऱ्याच्या माथी बसतं. सोबत साक्षीला तीन माणसं होती आणि पक्कं काम व्हावं म्हणून धर्मन्यायाधीश रेब झोराखही.

गितेलने हात पुसले. "मी नाही म्हणतच नाही, रेब झोराख. पण माफ करणारी मी कोण? पुस्तक नोसनने विकलं असेल, तर यांनी माझं काही घेतलं नाही. विकलं नसेल, तर बदनामी झाली नोसनची. मग माफी त्याच्याकडे मागायला नको का?"

रेब झोराखने आनशेलकडे वळून विचारलं, "विकलं होतं का त्याने?"

आपणच आणलेल्या न्यायाधीशासमोर, उपासाच्या आदल्या दिवशी, खोटं बोलायची आनशेलची छाती झाली नाही. तो बुटांकडे बघत राहिला.

"मग कबरीवर जावं लागेल," रेब झोराख म्हणाले. "अनवाणी. दहा माणसांसमोर. आणि केलं काय, ते तोंडाने सांगावं लागेल."

"दहा माणसं मी बोलावते," गितेल म्हणाली.

तिने शोधून शोधून बोलावली. लाइबिश मासेवाला होता. सुतकाच्या घरात त्या दिवशी बसलेले होते. उरलेले सगळे जुनी पुस्तकं जमवणारे, आनशेलवर दिवसरात्र जळणारे. टेकडीवरचे दगड दुपारी तापले होते. आनशेल पांढरेफटक पाय उचलत, काट्यांतून वाट काढत कबरीपाशी पोचला आणि काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने," रेब झोराख म्हणाले.

"मी इस्राएलच्या देवाचा आणि या नोसनचा अपराधी आहे. खंड मी वाचायला म्हणून नेला. त्याने तो मला विकला नव्हता. मी खोटं बोललो."

लाइबिशने टोपी डोळ्यांवर ओढली. पुस्तकवाले एकमेकांकडे बघत होते. संध्याकाळच्या आत ही गोष्ट शहरभर होणार, हे आनशेललाही कळत होतं. त्याने कापडात गुंडाळलेला पहिला खंड गितेलच्या हातात दिला. देताना त्याची बोटं सुटेनात.

"आता तरी, गितेल? तू माफ केलंस ना?"

गितेलने कापड सोडलं, सासऱ्यांच्या अक्षरावर ओठ टेकले आणि पुस्तक मिटलं.

"मला कशाला विचारता? नोसनला विचारलंत ना? तो काही बोलला, तर मला सांगा."

मग ती टेकडी उतरू लागली. शमेश शिक्का कुलपात ठेवून घरी जायच्या आत तिला अभ्यासघर गाठायचं होतं.