देवांना निरोप द्यायचा राहिला

अंबाडी नाक्यावर आय मला सोडायला आली होती, पण निघून गेली ती आधी. भिवंडीची जीप भरत नव्हती. ड्रायव्हर टपरीपाशी उभा राहून 'दोन सीट, दोन सीट' ओरडत होता आणि मी पिशवी मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसले होते. तेवढ्यात वाड्याकडे जाणारा टेम्पो आला. तिकडच्या एका पाड्यावर लग्न होतं आणि आय तिथली धवलेरी. धवलेरी म्हणजे आमच्यात लग्न लावणारी बाई. ती गाऊन देवांना मांडवात बोलावते, नवरानवरीची नावं गाण्यात घेते, आणि सगळं उरकल्यावर गाऊनच देवांना निरोप देते. ती पोचल्याशिवाय काही सुरू होत नाही, म्हणून तिला थांबता येईना. टेम्पोत चढता चढता म्हणाली, "कुनाच्या घरी गेलीस त सांगून निघ. मुक्यानं उठू नको." आणि गेली. गाव मी सोडलं असं सगळे म्हणतात, पण त्या दिवशी नाक्यावर मागे राहिले ती मी.

पाड्यावरच्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं गोदामांत येऊन पडलेल्यांनो, हे तुम्हाला लिहितेय. माझी धाकटी बहीण सुमी मला फोनवर सगळं सांगते. तिच्या लग्नात मी जे केलं त्यावरून 'हिनं आयेला डब्यात घातलं' असं तुम्ही म्हणता. म्हणा. तोंड धरायला मी काही तिथे नाही. पण आता तुम्ही दुसरी धवलेरी आणायचं ठरवताय, तेव्हा मला गप्प बसवत नाही.

मी मानकोलीच्या गोदामात पार्सलं स्कॅन करते. अख्खी शिफ्ट उभ्यानं. राहायला वळ गावात खोली, पाणी नळाला, डोक्यावर पंखा. पाड्यावर हंडे वाहून मान आखडायची, इथे पोटऱ्या आखडतात, एवढाच काय तो फरक. पण तिथे भात लावताना कुणी ना कुणी गायचंच आणि बाकीच्या मागून ओढायच्या. इथे नुसतं गुणगुणलं तरी सुपरवायझर वळून बघतो. पहिले कित्येक महिने मी खोलीवर येऊन भिंतीकडे तोंड करून रडायचे, हे आयेला कधी कळू दिलं नाही.

शबाना माझ्या लाइनवरची. तिचा भाऊ लूमवर, कापडाच्या मागावर, कामाला आणि सुट्टीच्या दिवशी लग्नात कीबोर्ड वाजवायला. नवा लॅपटॉप घेतल्यावर त्यानं जुना मला दिला, सोबत एक छोटा कीबोर्ड. लॅपटॉपमध्ये सॅम्पलर होता. कुठलाही आवाज त्यात टाकायचा, त्याचे तुकडे करायचे, एकेक तुकडा एकेका पट्टीवर बसवायचा. पट्टी दाबली की तो आवाज. "ये किसका है?" मी विचारलं, कारण फुकटात आलेलं कुणीतरी परत मागायला येतंच. तो म्हणाला, "किसी का नहीं. सबका है." कुठले कुठले लोक मिळून तो सॅम्पलर बनवतात, बिघडला तर दुरुस्त करतात आणि तसाच वाटून टाकतात, म्हणाला. मला ते चटकन पटलं. पाड्यावर एकाचं घर शाकारायचं तर सगळे येतात, तसंच की हे.

आधी मी चिकटपट्टी फाडल्याचा आवाज घेतला, स्कॅनरची टीं, शबानाच्या गल्लीतली लूमची खटखट. मजा वाटायची. मग सुट्टीत घरी गेले की आयेची गाणी फोनवर घ्यायला लागले. तीही हौसेनं गायची, मध्येच खोकायची, मिशरीचं बोट पुसून परत सुरू. पण निरोपाचं गाणं तिनं कधी घेऊ दिलं नाही. लग्नातसुद्धा त्या वेळी फोन बंद करायला लावायची. "बोलावनीचा गाना घे पाह्यजे तेवढा. निरोपाचा न्हाय. लगीन नसताना तो गाना वाजला त हायेत ते देव पन उठून जातील." मी हसले होते. ती हसली नव्हती.

मग तिचा घसा गेला. मिशरीनं खाल्ला म्हणाले डॉक्टर. ऑपरेशननंतर गळ्याला भोक, त्यावर फडका, आणि आवाज म्हणून काही नाही. जी बाई आली की चार पाड्यांना कळायचं, ती आता पाणी हवं असलं की पेल्यावर चमचा वाजवायची. मला ते बघवत नव्हतं. खरं सांगते, मी मुद्दाम रविवारच्या शिफ्ट घेत होते.

सुमी आणि किसन आमच्याच घरी एकत्र राहत होते, लग्न लावायचं राहिलेलं. आय असेपर्यंत लागू दे, असं ठरलं. सगळ्यांनी दुसरी धवलेरी सुचवली. आयेनं मान हलवली, मग बोट माझ्या लॅपटॉपकडे केलं. चार पाड्यांच्या पोरी तिनं उजवल्या होत्या. स्वतःच्या शेवटच्या पोरीला परका आवाज तिला नको होता.

नवऱ्याचं नाव आधीच्या लग्नांत घेतलेल्या गाण्यांत तयार होतं, किसन प्रत्येक पाड्यावर एखादा असतोच. सुमी मात्र कुठल्याच गाण्यात नव्हती. मग एका गाण्यातल्या 'सुपा'चा 'सु' कापला, दुसऱ्यातल्या 'लक्षमी'चा 'मी'. दोन्हींचा सूर वेगळा. 'मी' वर ओढला तर आय पोरसवदा वाटायची, 'सु' खाली आणला तर बाप्या. रोज ड्युटीवरून येऊन तेच करत बसायचे. शेवटी जुळलं. लांब सुरासाठी आवाजाचा बारकासा तुकडा गोल फिरवत ठेवता येतो. पट्टी दाबून धरली की आय गातच राहायची, श्वासच न घेता. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी घाबरून बोट काढलं होतं.

लग्नात आय चौकापुढे, भिंतीवर रंगवलेल्या लग्नाच्या चित्रापुढे, बसली, हातात तांदूळ. मी तिच्या मागे. ती दाणे टाकायची, मी पट्टी दाबायचे, बायका मागून ओढायच्या. आधी दबकत, मग नेहमीसारख्या. 'सुमी' आलं तेव्हा सुमी ढसाढसा रडली. आयेनं मागे वळून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तुम्ही सगळे तिथे होतात, तुमच्याही डोळ्यांना पाणी होतं. आता कबूल करत नाही.

निरोपाचं काय, हे मी तिला आधीच विचारलं होतं. तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला होता, मी बघते अशा अर्थानं. मला वाटलं, कुणाला तरी शिकवलं असेल. तिनं कुणालाच शिकवलं नव्हतं. तिनं डोळे मिटले आणि गायला लागली. ओठ हलत होते आणि फडक्याखालून नुसता वारा येत होता. मागून काय ओढायचं ते बायकांना कळेना. म्हातारी जानकीकाकी म्हणाली, "बोल धवलेरी, आमी हाव." आय बोलतच होती. सगळं गाणं तिनं म्हटलं, शेवटचा दाणा टाकला आणि थांबली.

मी तिथेच तिच्या कानाशी विचारलं, "गेले का गं?" तिनं हात हलवला. नाही.

पुढे फार जगली नाही ती. तेव्हापासून तुमचं चाललंय की देव घरात अडकलेत, सुमीचं लग्न अर्धंच आहे, दुसरी आणून त्यांना निरोप द्यायचा. सुमीही घाबरते. तिचा राग नाही मला.

पण मागच्या खेपेला मी घरी गेले ते ऐका. सुमी आणि किसन हंगामभर वीटभट्टीवर राहायला गेलेले, दाराला नुसती कडी. चूल थंड. झाडून घेतलं, दिवा लावला, जरा वेळ बसले. शिफ्टसाठी निघायला उठले आणि उंबऱ्यात पाय अडला. सांगू कुणाला? मग चौकाच्या रंगाचे पुसट डाग दिसले भिंतीवर. आयेनं ज्यांना स्वतःच्या आवाजात बोलावलं ते अजून तिथेच बसलेत, तुमच्याच म्हणण्याप्रमाणे. मी त्यांना म्हटलं, "येते."

त्या घरात माझं 'येते' ऐकायला आता तेवढेच उरलेत. हात जोडते, त्यांना पाठवू नका.